जेट बघण्याचा कार्यक्रम

उकंडराव काही घ्यायला निघाले की घरचे लोक आधीच त्या वस्तूची आशा सोडत. बत्तीस वर्षं त्यांनी शेतीखात्यात बियाण्यांचे नमुने काढले होते, आणि निवृत्त होऊन चार वर्षं उलटली तरी ती नोकरी त्यांच्या अंगातून गेली नव्हती. मोताळ्याच्या बाजारात ते मेथीची जुडी घेत ती ढिगाच्या तळातून ओढून, आणि भाजीवाली कोसळलेल्या ढिगाकडे बघत कपाळाला हात लावी. फ्रीज घ्यायचा तेव्हा दुकानात मांडलेला सोडून गोदामातला उघडायला लावला. मुलीला दोन स्थळं आली, दोन्ही चांगली. यांनी मुलांच्या गावी जाऊन न्हाव्यापासून तलाठ्यापर्यंत अशी चौकशी केली की दोन्हीकडच्या मंडळींनीच हात जोडले. त्यांची बायको रुक्मिणीबाई म्हणायची, "या मानसानं मले कसं काय पसंत केलं, हेच मले आजलोक समजलं नाई."

तेव्हा मुलीनं, प्रतीक्षानं, जेट बघायला जायचं म्हटल्यावर "मीबी येतो" असं उकंडराव म्हणाले, यात नवल काहीच नव्हतं.

जेट म्हणजे माणसं बसतात ते नव्हे. जमिनीवर उभं राहून रिमोटनं उडवायचं, दोन मीटर लांबीचं. पण आत खरंखुरं टर्बाइन, दुधाच्या बरणीएवढं, रॉकेल पिऊन मिनिटाला लाखावर फेरे घेणारं. प्रतीक्षा बुलढाण्याला तंत्रनिकेतनात शिकवायची. सहा वर्षं बॅटरीची आणि पंख्याच्या इंजिनाची विमानं उडवून तिचा हात बसला होता, आणि आता तिला टर्बाइन हवं होतं. पगारातून साठवलेले पैसे तिचे, हौस तिची. कोणाच्या बापाचं काही जात नव्हतं, असं आपण म्हटलं असतं. पण बाप उकंडराव होते.

आठ महिने ती ठरवत होती. जेवताना बापाला समजावून सांगायची. पहिल्या जेटचं रूप बघायचं नसतं. पंख जाड हवा, म्हणजे ते हळू उतरतं. चाकं बाहेरच लटकती असावीत, पोटात ओढून घेणारी नकोत, तेवढीच बिघडायची एक गोष्ट कमी. आणि टर्बाइन वेळेला ऐकत नाही. रिमोटची काडी पुढं सारली तरी जोर यायला तीन मोजावे लागतात, आणि तेवढ्यात नवशिक्याचं विमान जमिनीत जातं.

"म्हनून पह्यल्या वेळी विमान नाई निवडत बाबा," ती म्हणाली, "मानूस निवडतात. बाजूले दुसरा रिमोट घेऊन उभा राह्यनारा. आपलं चुकलं तं त्यानं लगेच हातात घ्यावं."

"हूं," उकंडराव म्हणाले. माणूस म्हटला की त्यांच्या मनात पाल चुकचुकायचीच.

तिनं निवडलेला माणूस होता वरवट बकालचे फकीर मोहम्मद. विमानदलात तीस वर्षं इंजिनं उघडली आणि मिटली, आता गावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रं सांभाळत होते. स्वतः बांधलेली दोन जेटं होती, त्यातलं एक विकायचं होतं, आणि घेणाऱ्याला उडवायला शिकवून मगच द्यायचं अशी त्यांची अट होती.

"चांगलं हाये तं इकून काऊन राह्यला?" उकंडरावांनी विचारलं.

"दोनदोन सांभाळनं होत नाई म्हनतात."

"असं सारेच म्हनतात."

फेब्रुवारीतला रविवार होता. नांदुऱ्यावरून जाताना दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या तशाच उभ्या होत्या, न फुटलेली काळी बोंडं अंगावर घेऊन. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आतून सगळं खाल्लं होतं. जिच्यापासून वाचायला लोकांनी महागाचं बीटी बियाणं लावलं, तीच अळी बीटीत घर करून बसली. कोणी ट्रॅक्टर फिरवला, कोणी मेंढरं सोडली, कोणी नुसतं बघणं बंद केलं. उकंडराव गाडीच्या काचेतून बाहेर बघत नव्हते. बोंड दिसलं की त्यांना शालूबाई आठवायची.

ती गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची, बीटी नवंनवं आलं तेव्हाची, मेहकरकडची. एका दुकानात नमुना काढायला गेले तेव्हा दुकानदारानं हसत एक खोका पुढं सरकवला. चहा आला होता, ऊन मी म्हणत होतं, उकंडरावांनी त्याच खोक्यातली पाकिटं उचलली. नमुना उत्तम निघाला. मागच्या खोक्यांत मात्र भलतंच बियाणं होतं, आणि ते एका अख्ख्या गावात पेरलं गेलं. पंचनाम्याला गेले तेव्हा शालूबाई नावाच्या म्हातारीनं काही न बोलता त्यांच्या ओंजळीत किडकी बोंडं ठेवली. ती शिव्या देती तर बरं झालं असतं. तेव्हापासून उकंडरावांचा एकच नेम झाला: समोरच्यानं पुढं केलेल्या खोक्याला हात लावायचा नाही. पुढं तो नेम मेथीला लागला, फ्रिजला लागला, पोरीच्या स्थळांना लागला.

जिनिंगच्या फाटकाबाहेर एरवी होळीपर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग असते. यंदा संक्रांतीलाच अंगण मोकळं पडलं होतं. गाड्या उभ्या राहाव्यात म्हणून बांधलेली सिमेंटची लांबलचक पट्टी उन्हात रिकामी चमकत होती, आणि एक उंच, वाळका म्हातारा ती झाडत होता. झाडून झाल्यावर तो वाकला आणि रुईचा एकुलता एक पुंजका चिमटीत उचलून खिशात घातला.

"इंजिननं गियला तं खलास," तो म्हणाला. "या बेटा. या साहेब. मी फकीर मोहम्मद."

माणूस गोड बोलतो, स्वच्छ आहे, डोळ्यांत बघतो. उकंडरावांनी तिन्ही गोष्टी त्याच्या विरुद्ध धरल्या.

शेडमध्ये दोन जेटं होती. दाराशीच, टेबलावर, एक पिवळं. पंख जाड, पोट सुटलेलं, चाकं खाली लटकलेली, आणि पोटावर ठिगळ. मागं कोपऱ्यात चादरीखाली दुसरं. प्रतीक्षानं चादरीचं टोक उचललं तशी राखाडी, निमुळती, लढाऊ विमानासारखी चोच दिसली. पोरीचा श्वास थांबलेला बापानं ऐकला.

"कोनतं देता?" उकंडरावांनी विचारलं.

"पिवळं."

"अन् ते?"

"ते नाई. पह्यल्या जेटले ते नाई. ते उतरताना लय पयते. पोरगी दोन वर्सं पिवळं उडवील, मंग ते मीच तिच्या हातात देईन."

झालं. दाराशी मांडलेलं ते पुढं केलेलं, आणि चांगलं चादरीखाली. आज हे घ्या, पुढच्या साली ते देतो, हे वाक्य उकंडरावांनी किती दुकानांत ऐकलं होतं याची गणती नव्हती. त्यांनी प्रतीक्षाला बाजूला घेतलं. "मागचं माग. पुढचं गयात मारून राह्यला तो."

"बाबा, मी तेच सांगून राह्यली न आठ महिन्यापासून. जाड पंख. लटकती चाकं. हेच पायजे मले."

"तुले पायजे तेच त्याच्यापाशी निघालं? इतकं बराबर?"

पोरगी टेबलाकडे परत गेली.

मग चौकशी सुरू झाली. ठिगळ कशाचं? तीन वर्षांपूर्वी एकदा पोटावर उतरलं, त्याचं. त्या दिवसाचा फोटोही फकीर मोहम्मदांनी काढून दाखवला. इंजिन किती चाललं? त्यांच्या वहीत एकेक उड्डाण लिहिलेलं होतं, बेरीज एकेचाळीस तास. इंजिन चालवणारी एक इलेक्ट्रॉनिक डबी आत होती, तिला जोडून बघायचं एक छोटं यंत्र होतं, ते म्हणत होतं अडतीस. उकंडरावांच्या डोळ्यांत चमक आली.

"हे कसं?"

"डबी मंधात बदलली. नवी डबी शून्यापासून मोजते. पह्यले तीन घंटे फक्त वहीत हायेत."

आता खोटं बोलणारा कमी सांगेल, जास्त कशाला सांगेल? हे उकंडरावांनाही कळत होतं. पण कमी सांगणारा साधा लबाड आणि जास्त सांगणारा मुरलेला, असा त्यांनी मनाशी निवाडा केला, आणि खुर्ची ओढून बसले.

अकराच्या सुमारास फकीर मोहम्मदांनी पिवळं जेट पट्टीवर आणलं. एकेक नळी, एकेक स्क्रू बोटानं तपासला. रॉकेलच्या प्रत्येक नळीच्या टोकाला तांब्याची बारीक तार आवळलेली होती, तीही चाचपून पाहिली. मग आग विझवायचं नळकांडं प्रतीक्षाच्या हाती देऊन बटण दाबलं. आधी मिक्सरसारखी घरघर, मग स्टोव्ह पेटताना येतो तसा वास, आणि मग तो आवाज. उकंडरावांच्या छातीत तो बसला. पिवळं ढेरपोटं विमान पट्टीवरून धावलं आणि अगदी सहज वर गेलं. जिनिंगच्या पत्र्यावरून वळलं, मागं दूर सातपुडा, पुढं हे, आणि मग इतक्या हळू खाली आलं की चाकं टेकली ती उकंडरावांना कळलीच नाहीत.

त्यांनी टाळी वाजवली. वाजवल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं, आणि त्यांनी हात मागं घेतले.

खरं सांगायचं तर त्यांना पटलं होतं. विमान चांगलं होतं, माणूस चांगला होता. पोरगी आणि म्हातारा एकमेकांशी भराभर काहीतरी बोलत होते, हातवाऱ्यांनी वळणं दाखवत होते, आणि त्यातला एक शब्दही उकंडरावांना लागत नव्हता. ते तिथं उन्हात उभे होते, हातातल्या कापडी पिशवीसकट, आणि त्यांना कोणी काही विचारत नव्हतं.

जेवायला फकीर मोहम्मदांच्या बायकोनं, सायराभाभींनी, ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा आणला होता. जिनिंगच्या ऑफिसात पंगत बसली. उकंडरावांना दुसऱ्या भाकरीवर एकदम सुचलं. बियाण्याला रंग चढवून पाकिटात भरतात, तसं या रॉकेलात काही घातलेलं असलं तर? दाखवायच्या दिवसापुरतं? रॉकेलचा डबा शेडच्या दाराशी ठेवला होता, अगदी समोर. समोरच्या डब्यातून नमुना घेऊन काय कळणार?

"हात धुऊन येतो," ते म्हणाले.

शेडमध्ये कोणी नव्हतं. उन्हातून आत आणून ठेवलेल्या पिवळ्या जेटचं झाकण उघडंच होतं. पिशवीत औषधाची रिकामी बाटली होती. उकंडरावांच्या पिशवीत रिकामी बाटली नसेल असा दिवस बत्तीस वर्षांत उगवला नव्हता. त्यांनी टाकीकडून पंपाकडे जाणारी नळी शोधली, तिची तार उलगडली, नळी ओढली आणि बाटली अर्धी भरून घेतली. मग नळी परत बसवली. तार गुंडाळली, नखानं दाबली. वरून बघता काही कळत नव्हतं. एक थेंबही गळत नव्हता. पाच मिनिटांत ते पंगतीत परत आले, तेव्हा सायराभाभी म्हणाल्या, "ठेचा झोंबला काय भाऊ? घाम आला तुमाले."

दुपारी प्रतीक्षाचा पहिला हात. दोन रिमोट एकमेकांना जोडलेले, एक तिच्याकडे, एक फकीर मोहम्मदांकडे. त्यांनी टाकी भरली, पंख हलवून पाहिले. नळ्या सकाळीच तपासल्या होत्या आणि मधे विमानाला कोणी शिवलं नव्हतं, म्हणून झाकण लावून टाकलं.

"घाई नाई बेटा. काडी सारायची, अन् तीन मोजायचे."

जेट धावलं, उठलं. प्रतीक्षा हसत होती. उकंडरावांनी तिला लहानपणी असं हसताना पाहिलं होतं, नंतर फारसं नाही. विमान जिनिंगच्या भिंतीपलीकडे गेलं, उंची जेमतेम दोन ताडांची, आणि आवाज बंद पडला. आधी उकंडरावांना वाटलं, आपल्यालाच ऐकू येईनासं झालं. "मी घेतो!" फकीर मोहम्मद ओरडले. पण घ्यायला हवेत काही उरलंच नव्हतं. पिवळं विमान तिरकं झालं, पऱ्हाट्यांत शिरलं आणि वाळक्या काटक्या मोडल्याचा लांबलचक आवाज आला.

तिघेही धावले. फकीर मोहम्मद सर्वांत पुढं, त्रेसष्टाव्या वर्षी, नळकांडं खांद्यावर घेऊन. आग लागली नाही. नाक चेपलं होतं, डावा पंख मोडून पडला होता. त्यांनी झाकण काढलं, आत हात घातला आणि तसेच बसून राहिले. पंपाकडची नळी सुटून लोंबत होती.

"पंपानं हवा ओढली," ते म्हणाले. "तार सुटली. माह्या हातची तार सुटली."

"चाचा, होते असं—"

"नाई होत! तीस वर्सं लोकायच्या जिवाच्या इंजिनाले तार मारली मी. एक नाई सुटली." त्यांनी दोन्ही पंजे उन्हात धरले आणि उलटसुलट करून पाहिले. "गेले हे हात. बेटा, हे रस्त्याच्या अंगाले गेलं असतं तं? कोनाच्या डोक्यात बसलं असतं तं? आता बस. तुले काय, कोनालेच नाई शिकवत मी आता. ते कोपऱ्यातलंबी मोडून टाकतो."

प्रतीक्षा उठून बापाजवळ आली. तिचे डोळे भरले होते. "तुमचं बराबर होतं बाबा," ती हळूच म्हणाली. "मीच ऐकलं नाई."

किती वर्षं उकंडराव या वाक्याची वाट बघत होते! फ्रिजच्या वेळी नाही, स्थळांच्या वेळी नाही, कधीच कोणी म्हटलं नव्हतं. आता नुसती मान हलवायची होती. काही बोलायचीही गरज नव्हती. गाडीत बसायचं आणि मोताळा. म्हातारा आयुष्यभर आपल्या हातांवर संशय घेत बसला असता, पोरगी आयुष्यभर बापाला विचारून पाऊल टाकती, आणि खरं काय ते एका औषधाच्या बाटलीला ठाऊक.

त्यांना शरम वाटली. अशी की ते पऱ्हाट्यांत खालीच बसले. पिशवीतून बाटली काढून त्यांनी मोडक्या पंखावर ठेवली.

"हे तुमच्या टाकीतलं रॉकेल हाये. जेवताना मी काढलं. तार मी सोडली, अन् मीच गुंडायली. तुमचे हात चांगले हायेत."

फकीर मोहम्मदांनी बाटली उचलली, बूच काढून वास घेतला. चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, लहान मुलासारखी उघड, आणि तिच्या मागोमाग राग.

"मले इचारलं असतं तं घागर भरून देल्लं असतं! मंगापासून माह्या हाताले शिव्या देऊन राह्यलो मी, अन् तुमी उभे राहून ऐकून राह्यले?" ते उभे राहिले. "निंगा साहेब. माह्या तोंडून वाईट निंगायच्या आंधी निंगा."

प्रतीक्षा मात्र ओरडली नाही. तिनं विचारलं, "सकायी उडालं तवा तुमाले पटलं होतं. टाळी वाजवली तुमी. मी पाह्यली."

"हो."

"मंग काऊन?"

सवय, असं म्हणता आलं असतं. शालूबाईचं नाव सांगता आलं असतं, आणि पोरीनं ते मानलंही असतं. पण ते खरं नव्हतं. "समदं चांगलं निंगालं," उकंडराव म्हणाले. "मंग मले तिथं काई कामच राह्यलं नाई."

दोघांनी मोडकं विमान उचलून शेडमध्ये नेलं. उकंडराव पंख उचलायला वाकले तेव्हा प्रतीक्षानं तो त्यांच्या हातून काढून घेतला. गाडीत बसून त्यांनी ऐकलं, फकीर मोहम्मद तिला सांगत होते: दुरुस्तीले दोन महिने तरी लागतीन, इतवारी येत जाय, आंधी मोडलेलं जोडाले शिक, मंग उडवजो. आणि ती हो चाचा, हो चाचा, म्हणत होती.

गाडी पूर्णेच्या पुलाला लागली.

"इतवारी मी एकटी येत जाईन," प्रतीक्षा म्हणाली.

"हो."

"गावात कोनाले फकीरचाचाबद्दल इचारायचंबी नाई. फोनबी करायचा नाई."

"नाई करत. अन् थे एकच बाटली होती पोरी, देऊन टाकली."

पूल ओलांडल्यावर प्रतीक्षानं गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. बापाकडे बघितलं. चिडून नाही, रडूनही नाही. नीट, शांतपणे, वरपासून खालपर्यंत. बत्तीस वर्षं उकंडरावांनी असं दुकानदारांकडे बघितलं होतं, आणि त्या नजरेखाली कसं वाटतं हे त्यांना आज कळलं.

"पिशवी द्या," ती म्हणाली.

त्यांनी दिली. तिनं चष्म्याचं घर काढलं, पंचा झटकला, गोळ्यांचं पाकीट उलटून पाहिलं, आणि शेवटी तळापर्यंत हात घालून शिवण चाचपली. काही नव्हतं. मग तिनं सगळं जसंच्या तसं परत भरलं आणि पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवून गाडी सुरू केली.